अप्पांची पारख

गिऱ्हाइकाचा एक पाय दुकानाच्या पायरीवर पडतो, दुसरा अजून रस्त्यावरच असतो, तेवढ्यात अप्पांचा निकाल लागलेला असतो. "पुण्याचा हाय. ढीगभर चादरी उलगडायला लावील आन् एक नॅपकिन घिऊन जाईल." हे अप्पा सोलापूरच्या नव्या पेठेत चादरींच्या दुकानात गादीवर सापडतात, तसे पानपट्टीवर, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी आणि लग्नात पहिल्या पंगतीतही सापडतात. धंदा कोणताही असो, जोडधंदा एकच : माणूस ओळखणे.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणूस त्याच्याबद्दल मत बनवून मोकळा होतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, नुसतं पक्कं होतं. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "येवढा येळ काय करत बसत्यात बे?"

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच बोललं जातं. अप्पा तोंड बघून भाषा ठरवतात. कुणाला "एन् बेकु?", कुणाला "एमि कावालि?" एकदा या "कावालि"ला एका गृहस्थांनी अस्सल सदाशिवपेठी मराठीत उत्तर दिलं. अप्पा जराही हलले नाहीत. ते गेल्यावर म्हणाले, "आजा तेलंगणातला असणार. ह्याला म्हाईत नसंल." अप्पा कधी चुकत नाहीत, समोरचाच स्वतःबद्दल चुकीच्या समजुतीत असतो.

चादरीच्या बाबतीत मात्र हा माणूस कमालीचा संशयी. जकार्डवर विणलेली सोलापुरी चादर दोन्ही अंगांनी वापरता येते. इकडून मरून जमिनीवर पांढरं फूल, तर तिकडून पांढऱ्यावर मरून. अप्पा दोन्ही अंगं बघतात. काठ चिमटीत धरतात, ओलं बोट घासून रंग सुटतो का पाहतात, हातावर वजन जोखतात, दारात नेऊन उजेडाला धरतात. पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपतो, त्यामुळे भौगोलिक मानांकन मिळालं तरी त्यांचा भरवसा बोटांवर. "लेबल काय, कुणीबी चिकटवतंय की." माणसांना लेबल ते स्वतःच चिकटवत असल्यामुळे तिथं बोट ओलं करावं लागत नाही.

सुशीलकुमार शिंदे इथल्या कोर्टात पट्टेवाले होते. पुढे फौजदार झाले, २००३ साली मुख्यमंत्री आणि २०१२ साली देशाचे गृहमंत्री. "आमच्या वडलांनी तवाच वळखलं हुतं," अप्पा सांगतात. निम्म्या पेठेच्या वडिलांनी तेव्हाच ओळखलं होतं. मग त्या काळी ते कुणी कुणाला बोलून कसं दाखवलं नाही, हे एक कोडंच आहे.

स्थळाच्या चौकशीला तर अप्पांवाचून चालत नाही. मुलाच्या बुटाला चकचकीत पॉलिश असलं की "कर्जात हाय." चप्पल झिजलेली असली की "चिक्कट." नवीही नाही आणि झिजलेलीही नाही, तर "लई बेरकी, जपून ऱ्हावा." तरीही लग्न झालं आणि संसार बरा चालला, तर अप्पा थांबायला तयार असतात. "आजून कुठं काय बघितलंय!"

उधारीची वही बघण्यासारखी आहे. मळक्या कपड्यांची माणसं तिच्यात नाहीत. त्यांना अप्पा उधार देतच नाहीत. वही भरलीय ती "घरंदाज" मंडळींनी. त्यातले एक गृहस्थ गड्ड्याच्या यात्रेत कडक इस्त्रीच्या जाकिटात आले, अप्पांना वाकून नमस्कार केला, चहा घेतला आणि आहेराच्या चादरी-टॉवेलांचा गठ्ठा घेऊन गेले. पैसे पाडव्याला. पाडवा गेला, दिवाळीही गेली. मुलानं वही पुढं धरली, "अप्पा, फसवलंय ओ त्यानं."

अप्पांनी चष्मा न लावताच वही मिटली. "गप बे. माणूस सोन्यासारखा हाय. परिस्थिती आली असंल वाईट."

परवा त्याच गृहस्थांचा फोन आला. पैशांचा विषय दोन्हीकडून निघाला नाही. अप्पांनी पोराला हाक मारली आणि भारीतल्या आणखी दोन चादरी बांधायला सांगितल्या. तिकडं थंडी जास्त पडलीय म्हणे.