पार्किंगमधली सवत

कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये, पार्किंगच्या कोपऱ्यात काय चाललंय, कानावर आलं की नाही? इतकी वर्षं इमानाने संसार केलेली रोड बाइक भिंतीला टेकलेली, आणि शेजारी चक्क सवत! टाइम ट्रायल बाइक म्हणे. पुढे आलेल्या दोन दांड्यांवर कोपरं टेकायची, मान खाली, पाठ सपाट. या वयात! घरी गॅसचा सिलिंडर सरकवायला सांगा, लगेच कंबर धरतील.

निमित्त गोव्याचं. २०१९ मध्ये तिथे आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली आणि आमच्याकडचे सभ्य लोक बिघडले. १.९ किलोमीटर पोहा, ९० किलोमीटर सायकल हाणा, वर २१.१ किलोमीटर पळा. सायकलवर दुसऱ्याच्या मागे आडोशाला लपायची बंदी. वारा ज्याचा त्याने खायचा. मग अंग चोरून बसणारीच हवी, इथवर पटतं हो.

पण आणली म्हणून ती लगेच वश होते थोडीच! तसं वाकून बसलं की मांड्या पोटाशी येतात, आणि रोड बाइकवर पायांतून सहज निघणारे ताकदीचे वॅट इथे निघता निघत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोनदा तिच्याशी एकांत. बाल्कनीत, जागच्या जागी चाक फिरवणाऱ्या ट्रेनरवर, पंखा लावून! खालच्या मजल्यावरच्यांना घरघर ऐकू येते, ते बिचारे बोलत नाहीत.

रविवारच्या ग्रुप राइडला मात्र तिला मज्जाव, आणि योग्यच आहे. कोपरं टेकली की बोटं गिअरवर, ब्रेक राहिले दूर बाजूच्या हँडलवर. पुढच्याने खड्डा बघून करकचून ब्रेक दाबला की मागचे सगळे एकावर एक. आणि पुण्यात खड्डा यायचा राहतोय थोडाच! म्हणजे मिसळीला जुनीच, बोपदेव घाटालाही जुनीच. चढावर वेगच पडतो, तिथे वाऱ्याला चकवून मिळवणार काय?

या सवतीचं घराणंच तसलं. १९८९ ची तूर द फ्रान्स, शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. बोडक्यानेच निघाला, पोनीटेल उडवत. ग्रेग लेमाँड कोपरं टेकायच्या त्याच दांड्या, म्हणजे एरोबार, लावून आला आणि ताशी ५४ किलोमीटरच्या वर वेगाने तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी पळवून घेऊन गेला. भर पॅरिसमध्ये, फ्रेंच माणसाच्या हातून!

आता तिला म्हणे लांब शेपटीचं हेल्मेटही हवंय. तिची खरी किंमत घरी सांगितलेला एक जरी माईचा लाल असेल, तर कळवा. गणपतीत सत्कार ठेवू.