बनियनची इस्त्री

किन्शासात नवीन आलेल्या बाईला भारतीय शेजारणी तीन प्रश्न विचारतात. मच्छरदाणी आणली का? मलेरियाच्या गोळ्या आणल्या का? आणि इस्त्री कुठली आणली? पहिले दोन मला अपेक्षित होते. तिसरा मी गप्पांचा विषय म्हणून सोडून दिला. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे इस्त्री म्हणजे नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट, लग्नकार्याची साडी आणि पंधरा ऑगस्टला पोरांचे गणवेश. बाकीचे कपडे घडी करून गादीखाली.

इथे चादरीला इस्त्री. टॉवेलला इस्त्री. पायमोजे, बनियन, चड्ड्या, कुणाचीच सुटका नाही. कारण एक माशी. दोरीवर वाळत घातलेल्या दमट कपड्यांवर ती अंडी घालते. तो कपडा तसाच अंगात चढवला की अळी कातडीत शिरते आणि पुढच्या काही दिवसांत तिथं गळू येतं. मग त्यावर व्हॅसलिन थापायचं, अळीचा श्वास कोंडायचा आणि ती वर आली की पिळून काढायची. हे सगळं शेजारीण चहात बिस्किट बुडवत सांगत होती. बिस्किट पडलं, पण तिचं सांगणं थांबलं नाही. ‘‘शिवणीवरून दोनदा फिरव हं,’’ म्हणाली. मी मनात घरातल्या एकूण शिवणी मोजत होते.

सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर मला त्यांच्या लेकाच्या बनियनला इस्त्री करताना पाहिलं. थोडा वेळ त्या बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘‘अगं, बरं आहे ना तुला?’’ आता भिशीच्या बायकांना त्या ऐकवतात म्हणे, ‘‘आमची सून बनियनलासुद्धा इस्त्री करते हो!’’ अळीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. एक तर घाबरतील. शिवाय इतक्या वर्षांनी वाट्याला आलेलं कौतुक एका माशीपायी कशाला घालवा?

इस्त्रीला वीज लागते, आणि इथून गोष्ट अवघड होते. काँगो नदीत ॲमेझॉनखालोखाल जगातलं सगळ्यात जास्त पाणी वाहतं. तिच्यावर इंगाची दोन धरणं आहेत, एक १९७२ चं, दुसरं १९८२ चं. तिथली वीज सुमारे सतराशे किलोमीटरच्या तारांवरून, वाटेतल्या अंधाऱ्या गावांच्या डोक्यावरून, दक्षिणेतल्या तांब्याच्या खाणींकडे जाते. आमच्या घरातून ती शर्टाची उजवी बाही झाली की जाते. डावीचा योग कधी आहे, हे विचारायचं नसतं.

धुण्याला येतात त्या पापांना मात्र याचं काही वाटत नाही. इथे वयस्क पुरुष सगळ्यांचा पापा आणि बाई ममा. मला ते ममा म्हणतात, वयाने माझ्या वडिलांएवढे असून. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा त्यांनी माझ्या नव्या कोऱ्या स्टीम इस्त्रीकडे दयेने पाहिलं आणि पिशवीतून स्वतःची कोळशाची इस्त्री काढली. कोळशाला इथे मकाला म्हणतात, आणि गावातल्या असंख्य चुली त्याच्यावरच पेटतात. पापांनी निखारे भरले, झाकण लावलं, फुंकलं, दोन बोटांनी पाणी शिंपडलं. थेंब चर्र करून उडाला, तेव्हा कुठे त्यांनी डाव्या बाहीला हात घातला. बनियनची त्यांनी केलेली घडी अशी की नवऱ्याला ती मोडवेना.

शहरच मुळात इस्त्रीवेडं आहे. पावसाळ्यात आमच्या गल्लीत घोटाभर चिखल होतो, आणि त्यातून रविवारी सापर, म्हणजे झोकात नटायचा शौक असलेली मंडळी, निघतात. कडक कॉलर, रेशमी रुमाल, हातात काठी, इटालियन सूट. हा शौक गाजवणारे गायक पापा वेम्बा २०१६ साली अबिजानला मंचावर गाता गाताच कोसळले आणि गेले. या लोकांच्या बुटांना चिखल कसा लागत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. चिखलच बहुधा संकोचून बाजूला होत असेल.

पण सगळ्यात कडक तपासणी असते ती डॉलरची. घरभाडं आणि फ्रिज डॉलरात, टोमॅटो आणि टॅक्सी काँगोली फ्रँकमध्ये. फ्रँकची नोट कशीही खपते. चुरगळलेली, तेलकट, सुक्या मासळीचा वास मारणारी. डॉलरचं मात्र पूर्वीच्या काळी मुलगी बघायला आलेल्यांसारखं. उजेडात धरतात, उलटीपालटी करतात, कडांवरून नख फिरवतात. केसाएवढी चीर असली की स्थळ नापसंत. जुन्या छपाईची असली तरी नापसंत. एक डॉलरच्या नोटेकडे तर सहसा कुणी बघतही नाही. म्हणून आमच्या घरात डॉलर जाडजूड ज्ञानेश्वरीत ठेवतात, सरळ राहावेत म्हणून. पापांना वाटतं मी फार धार्मिक आहे.

परवा कोपऱ्यावर छत्रीखाली फ्रँकच्या थप्प्या मांडून बसणाऱ्या ममाकडे गेले. शंभराची नोट दिली. तिने ती उन्हात धरली, फ्रँकलिनच्या हनुवटीवरचा पेनाचा ठिपका मला दाखवला आणि परत केली. दुसरी दिली. ती पास झाली. मग तिने थप्प्यांना रबर लावून माझ्यापुढे ढकलल्या. वरचीच नोट मधोमध फाटून चिकटपट्टीवर जगत होती. मी पण ती उन्हात धरली, कडांवरून नख फिरवलं, तोंड वाकडं केलं.

ममा छत्री हलेपर्यंत हसली. शेजारच्या केळीवालीला हाक मारून तिने मला पुन्हा तसंच करायला लावलं, आणि नोट मात्र बदलून दिली नाही.