स्थळाची चौकशी

पूर्वी घरात मुलीसाठी स्थळ आलं, की आत्याला बोलावणं जायचं. चौकशीचं खातं तिच्याकडे होतं. मुलाच्या घराची पायरी ती आधी कधीच चढत नसे. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी असेल तिथे दळण घेऊन बसायची, मग वाण्याकडे जिऱ्याचा भाव विचारायची, आणि भाव ऐकता ऐकता त्या घरची उधारी, सासूचा आवाज, मुलाची रात्री परतायची वेळ असं सगळं तिच्या पिशवीत जमा व्हायचं. दळण घेऊन परगावी निघालेली बाई हे दृश्य जरा विचित्रच, पण कुठल्या गिरणीवाल्याने हरकत घेतल्याचं ऐकलं नाही. ‘त्यांच्या घरी बसून काय कळणार?’ ती म्हणायची. ‘पोहे चांगले होतात, एवढंच.’

ही विद्या आत्याबरोबरच गेली असं मला वाटत होतं. पण तिकडे अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांना ती पुन्हा सापडली. त्यांनी १० इतिहासकार, स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी आणि बातम्या पडताळण्याचा व्यवसाय करणारी १० माणसं यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी बहुतेक त्या पानावरच रेंगाळले. बोधचिन्ह, मांडणी, भाषेचा भारदस्तपणा न्याहाळत राहिले. म्हणजे पोहे खात बसले, आणि त्यातले बरेचसे फसले. पडताळणीवाले मात्र आल्या पावली बाहेर पडले. शेजारी नव्या खिडक्या उघडून, या मंडळींबद्दल इतर लोक काय बोलतात ते आधी ऐकून आले. गिरणी तेवढी नव्हती.

माझी पुतणी कॉलेजात शिकते. माझ्या थोरल्या काकांचे फॉरवर्ड वाचून ती मनमुराद हसायची. दोन हजारांच्या नोटेत म्हणे चिप होती, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला सापडणारी! असल्या गोष्टी तिच्या पिढीला लांबूनच ओळखू येतात, कारण त्यांचा पेहराव म्हाताऱ्यांचा असतो. पण परवाच्या दिवाळीत तिनेच एक चित्र स्टेटसला लावलं : अवकाशातून दिसणारा दिवाळीच्या रात्रीचा भारत, पांढरा, निळा, हिरवा, लाल, जणू कुणी देशभर रांगोळी सांडली आहे. खाली नासाचं नाव. सुंदर चित्राला गाव विचारायचं कुणाच्या मनात येतं? मग तिने उगाचच ते चित्र गूगल लेन्समध्ये टाकलं आणि त्याचं घराणं उलगडत गेलं. ते एका रात्रीचं छायाचित्र नव्हतंच. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या नोंदींवरून बनवलेला तो नकाशा होता. पांढरे दिवे आधीपासूनचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. वाढत्या वस्तीची ती कुंडली. २०१२ मध्ये नासाने दिवाळीच्या आसपासचं खरं छायाचित्र देऊन सांगितलं, की सणाची जादा रोषणाई इतकी मंद असते, की ती अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही. पुतणी हिरमुसली. मला मात्र ते आवडलं. आपली पणती उपग्रहासाठी लावलेली नसतेच, ती समोरच्या काकूंना दिसावी म्हणून असते.

आत्याचा आणखी एक नियम होता : घाई करणारं स्थळ नको. ‘उद्याच होकार कळवा’ असा निरोप आला, की ती हमखास चार दिवस थांबायची. ‘लगेच सगळ्या ग्रुपवर पाठवा’ हा तोच निरोप, आणि वाचताना छातीत धडधड व्हावी अशीच त्याची बेतणी असते. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा अशाच धावत सुटल्या होत्या. त्यांतला एक व्हिडिओ मुळात कराचीतला, मुलांना जपा असं सांगणारा. तो सांगणारा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने याच संशयावरून ठार मारलं. कुठून आलात, कुणाचे, एवढं विचारून उत्तर ऐकून घेण्याइतकाही वेळ तिथे कुणी काढला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली.

दिवाळीच्या त्या चित्रापासून पुतणी काकांच्या फॉरवर्डवर ग्रुपवर हसणारे चेहरे टाकत नाही, फोन करते. काका दर ऑगस्टमध्ये ‘युनेस्कोने जन गण मन जगात सर्वोत्तम ठरवलं’ हे पाठवतात. खरं तर बातमीपेक्षा ‘मी आहे, बरा आहे’ हेच त्यांना कळवायचं असतं असा माझा समज आहे. तिने हळुवारपणे सांगितलं, ‘आजोबा, युनेस्को असा किताबच देत नाही.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘अगं, मग इतकी वर्षं ज्यांना पाठवलं त्यांना काय तोंड दाखवू?’ दोघांनी मिळून दुरुस्तीचा मजकूर लिहिला. साधा, नेमका, तळाशी काकांचं पूर्ण नाव. रात्री तो ग्रुपवर आला तेव्हा त्यात काकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती : ‘हा संदेश लगेच किमान दहा जणांना पाठवा.’