चार चाकांचा जोर

परभणीची काळी जमीन उन्हाळाभर हातभर भेगा पाडून रुसल्यासारखी पडून असते. मृगाचं पाणी पोटात गेलं की ती फुगते, आणि मग माहेरवाशिणीला आईने धरून ठेवावं तशी प्रत्येक पावलाला, खुराला, चाकाला बिलगते. अशा दिवसांत डांबरी रस्त्याच्या कडेला एखादी पांढरीशुभ्र, उंचीपुरी, लाखोंची गाडी उभी दिसते. तिला फोर बाय फोर असतं, चढाउताराचं वेगळं बटण असतं. आणि मालक मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन पाणंदीतून शेताकडे निघालेला असतो.

तो शहाणाच म्हणायचा. कारण हा चिखल टायरच्या नक्षीत क्षणात भरतो, टायर गुळगुळीत होतो, आणि मग चारही चाकं मोठ्या एकदिलानं जागच्या जागी फिरू लागतात. पुढचं काम ट्रॅक्टरचं.

लहानपणी आमच्या गावात गटविकास अधिकाऱ्यांची जीप यायची. महायुद्धात जन्मलेल्या विलिस जीपच्या कुळातली. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या त्या गाड्यांनी निम्मा देश पाहिला, पण श्रावणात साहेबांची जीप आमच्या वेशीपर्यंतच यायची. पुढे आजोबांची बैलगाडी जायची. त्या लाल कंधारी जोडीला कुठलंच बटण नव्हतं. पण पाऊल टाकण्याआधी जमीन हुंगायची सवय होती, आणि कुठे थांबायचं हेही कळत होतं.

1970 साली इंग्लंडात पहिली रेंज रोव्हर आली, तेव्हा तिची आतली बाजू पाण्याच्या पाइपने धुता यावी अशी केलेली होती. चिखल आत येणार हे गृहीतच होतं. आमच्याकडे तिच्या नात्यातल्या गाड्यांच्या सीटवरचं प्लास्टिक दसऱ्याला गाडी आणल्यापासून निघत नाही, आणि पाहुण्यांनी चपला झटकून आत बसायचं असतं.

तरी मला या हौसेचं हसू येता येता थांबतं. पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला बाजेवर घालून चार खांद्यांवरून नेताना ज्यानं पाहिलंय, त्याला कुठेही जाऊ शकणारी गाडी दारात असावीशी वाटणारच. ती कुठे जाते यापेक्षा ती जाऊ शकते, हाच त्याच्या जिवाला आधार.

पण जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या रोजच्या फेऱ्यांना एवढा जोर लागत नाही. खड्डे आणि गतिरोधकांपुरती गाडी जमिनीपासून उंच असली की पुरते. खरा जोर लागतो तो पाणंदीला. 2021 मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची सरकारी योजनाही आली. तेव्हा गाडी हौसेनं जरूर घ्या. पण ग्रामसभेत हात वर करून आधी मुरूम मागा.