रिमोटमामा

नांदेडच्या कुठल्याही जुन्या वस्तीत एक घर असं असतंच, जिथं दुरुस्तीला दिलेला रिमोट परत येत नाही. तिथं रिमोटमामा राहतात. निवृत्त माणूस, खिशाला पेनाऐवजी टेस्टर, आणि टीव्हीसमोर कमी, टीव्हीमागं जास्त.

सध्या मामा रास्पबेरी पायच्या नादी लागलेत. पोरांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून इंग्लंडात २०१२ साली हा एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर निघाला. मामांना त्यावर जुने सिनेमे लावायचेत, तेही पलंगावरून न उठता. त्यासाठी त्याला रिमोटचा डोळा बसवायचा. या न उठण्यापायी मामा दिवसभर उठबस करायलेत.

डोळा म्हणजे तीन पायांचा काळा रिसीव्हर. रिमोट सेकंदाला अडतीस हजार वेळा अदृश्य उजेड लुकलुकवतो, हा तेवढाच टिपतो. दुकानात ‘रिमोटचा सेन्सर’ मागितला की काउंटरवरचा पोरगा सवयीनं टीएसओपी १७३८ काढतो. त्याला पाच व्होल्ट लागतात, आणि पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाहीत. पाहिजे असतो ३८२३८. पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा: जुन्याचा पहिला पाय अर्थिंगचा, नव्याचा पहिला सिग्नलचा. मामा पाय तपासत नाहीत. ‘‘तीनच तर हायेत, कुठं चुकतील?’’ म्हणतात, आणि मग घरात जळका वास सुटतो.

अशा वेळी लातूरला फोन जातो. तिकडं साडू राहतात, क्लासवाले. हा माणूस रिसीव्हर जोडण्याआधी वही आखतो. डावीकडं बटणाचं नाव, उजवीकडं कोड, शेवटी सरावाचा रकाना. प्रत्येक बटण तीनदा दाबून उत्तर तेच येतं का बघतो. लातूर पॅटर्नच तो.

‘‘साडूभाऊ, वायर अठराव्या पिनेला लावली, तरी मुकं हाय बघा.’’

‘‘जीपीआयओ १८ म्हणजे मोजून अठरावी नव्हे. मोजून बारावी.’’

‘‘तुमच्याकडं सगळं बारावीवरच अडतं.’’

बारावी लागली, तरी यंत्र मुकंच. कारण मामांच्या डायरीत जुनी ओळ होती, एलआयआरसी-आरपीआयची. नव्या लिनक्सनं ती केव्हाच टाकून दिली. आता कॉन्फिग फाइलीत जीपीआयओ-आयआर लिहून पिनेचा नंबर द्यावा लागतो. मामांचा अशा बदलांवर विश्वास नाही. जे एकदा शाईनं उतरवलं ते सरकारनंसुद्धा बदलू नये, असं त्यांचं मत आहे. तरी साडूंनी दटावल्यावर ओळ बदलली, मशीन पुन्हा चालू केली, आणि बटण दाबताच पडद्यावर आकडे धावायला लागले. रिमोटचा प्रत्येक निरोप अशा लांब-आखूड ठोक्यांचाच असतो. बऱ्याच रिमोटांत सुरुवातीला नऊ हजार मायक्रोसेकंदांचा झोत, मग साडेचार हजारांची शांतता, आणि त्यानंतर बटणाची ओळख.

मामा फोनवर ओरडले, ‘‘नऊ हजार! साडेचार हजार!’’

मामी आतून धावत आल्या. ‘‘तुरीला नऊ हजार? मग बसलात कशाला, विकून टाका की! सोयाबीन राहू द्या.’’

पुढचे काही दिवस गल्लीतले रिमोट गोळा झाले. कुणाच्या रिमोटनं आवाज वाढला, कुणाच्यानं सिनेमा मागं गेला. सेट-टॉप बॉक्सचा दाबला की पाय बंद. उन्हं कलली की खिडकीतून थेट ऊन पडून रिसीव्हर दिपायचा, म्हणून मामांनी मामींची नवी चादर पडद्याला लावली. साडूंची वही तेवढ्यात भरली, आणि दुसरीला कव्हरही चढलं.

रविवारी भाचा आला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला. त्यानं टीव्हीचा स्वतःचा रिमोट उचलला, बाण दाबला, आणि पायवरचा सिनेमा पुढं सरकला. मामा रिसीव्हरकडं बघत राहिले. त्याच्या वायरी तर सकाळीच काढलेल्या, टेबलावर सुट्या पडल्या होत्या.

‘‘मामा, एचडीएमआयच्या वायरीतूनच टीव्ही रिमोटचे इशारे पाठवतो. सीईसी म्हणतात त्याला. बऱ्याच टीव्हींत असतंय. हे काही लागतच नव्हतं.’’

मामी हसल्या. मामा हसले नाहीत. भाच्याला चहा पाजला, बसस्टँडपर्यंत सोडून आले, आणि परत येताच टीव्हीच्या सेटिंगात शिरून ती सीईसी बंद करून टाकली.