खालच्या अंगाचे

रत्नागिरीत घर बघायला येणारी माणसं कलमं किती, माड किती, विहिरीला मे महिन्यात पाणी किती, सगळं विचारतात. वरच्या अंगाला कोण राहतं, हे कोणी विचारत नाही. मृग लागला की माणसांचे दोनच प्रकार उरतात: वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे. आम्ही खालचे.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिन्यांत उरकतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या कौलांवर शंभर मिलिमीटर पडला, आणि आषाढात तो एका दिवसात सहज पडतो, की दहा हजार लिटर पाणी पागोळ्यांनी खळ्यात. मे महिन्यात एवढ्याच पाण्याच्या टँकरसाठी आम्ही फोनवर कोणाकोणाला 'साहेब' म्हणतो. जुलैत ते घरपोच, फुकट आणि न मागता.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, सगळं पिऊन टाकत असेल. पितो की! पण त्याच्या पोटाखाली चिकणमाती असते. तिथे पाणी अडतं, आडवं चालू लागतं आणि उताराला कोणाच्या तरी परसात डोकं वर काढतं. ते परस आमचं. पाऊस उघडला तरी न्हाणीघरामागची जमीन पचपचत राहते. पाऊल टाकलं की ती चप्पल ठेवून घेते. फार ओढलं तर पट्टा तेवढा परत करते. पायरीच्या चिऱ्यांवर हिरवंगार शेवाळ, म्हणून वाटेवर झावळ्या आणि नारळाची सोडणं टाकायची. पाहुणा तरीही नेमका चिऱ्यावरच पाय देतो.

सल्ल्यांना तोटा नाही. शेजारचे अण्णा म्हणाले, "भराव घाल." घातला. पाणी शहाण्यासारखं वळून स्वयंपाकघराच्या जोत्याशी येऊन बसलं. पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर बघून सांगितलं, "मामा, चर खणा, भोकांचा पाइप टाका, भोवती खडी भरा, वर कापड." उपाय चोख. गडी खणायला लागला तर हातभर खाली पहार खणखणली. कातळ! "पाइप टाकायचा तर सुरुंग लावायला लागंल," असं म्हणून त्याने शांतपणे विडी पेटवली. शेवटी वरून आडवा उथळ चर काढला आणि पुढे प्लॅस्टिकचा पाइप जोडला.

आजोबांच्या वेळी हे सगळं कोणी न शिकवता होत होतं. खळं मातीचं, दर दिवाळीच्या सुमारास नव्याने चोपायचं, सारवायचं, आणि उतार असा की पाणी पाटाने आगरात, माडा-पोफळींच्या बुंध्यांवरून थेट पऱ्यात. गडगा नुसता चिऱ्यांवर चिरे रचलेला. त्याच्या फटींतून पाणी मुकाट निघून जायचं. आता खळ्यात पेव्हर ब्लॉक, गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत, आणि पऱ्यावर कोणाची तरी गाडी उभी. पाण्याने जायचं कुठे? सगळ्यांचं उत्तर एकच: शेजाऱ्याकडे.

वरच्या घरमालकांशी मी एकदा बोललो. ते निवृत्त कारकून, कोर्टातले. चहा देऊन म्हणाले, "1882 चा सुविधाधिकार कायदा, कलम 7. वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल, तर खालच्याने ते वाहू द्यायचं." कोकणातला माणूस गटार साफ करणार नाही, पण कलम तोंडपाठ असतं. मी घरी येऊन कायदा वाचला. म्हणाले ते खरं होतं. फक्त 'नैसर्गिकपणे' या शब्दावर त्यांनी आवाज जरा उतरवला होता, आणि त्यांच्या पन्हळीचा पाइप आमच्या बांधाकडे तोंड करून उभा आहे.

भांडायचं ठरवलंच होतं. पण आमच्याही खाली एक घर आहे. आमचा पाइप तिथे, काकूंच्या आगरात सुटतो. काकूंनी त्या ओलीत अळू लावलंय, पानं सुपाएवढी. श्रावणात आठळ्या आणि दाणे घातलेलं फतफतं आमच्याकडे डबाभर येतं, वर "तुमच्याकडच्या पाण्याला गुण आहे हो" असं प्रशस्तिपत्र. तेव्हा वरच्यांवरचा दावा मी तूर्त मागे घेतलाय. वाचकांना एवढीच विनंती, काकूंना कलम 7 बद्दल कोणी काही बोलू नये.