पेटंट पेंडिंग, बाकी सगळं जाहीर

बाणेरमधल्या कॅफेत बसलेला नवउद्योजक आपली कल्पना सांगण्याआधी समोरच्याची गोपनीयतेच्या करारावर सही घेतो. कॉफीचं बिलही समोरच्यानेच द्यायचं. मग कळतं, कल्पना अशी की ॲपवरून भाजी मागवता येईल.

हाच गृहस्थ पुढच्या शनिवारी पिच स्पर्धेत, भरल्या सभागृहात, आकृत्यांसकट सगळं ओकून मोकळा होतो आणि व्हिडिओ लिंक्डइनवर टाकतो. पेटंटचा अर्ज? ‘फंडिंग आल्यावर बघू!’ आपला कायदा १९७०चा आहे, पण अडाणी नाही. अर्जाआधी जगाला सांगितलेलं तो, मोजके अपवाद सोडले, तर नवं मानत नाही. तात्पुरता अर्ज टाकला की पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सूटही आहे. पण लोगोच्या गोलाईवर संस्थापकांत मतभेद असताना असल्या फुटकळ कामाला सवड कुणाला?

त्यात कलम ३(के). नुसता संगणक प्रोग्रॅम म्हणजे शोध नव्हे, असं ते सरळ सांगतं. मग ॲपचं बारसं नव्याने होतं : ‘प्रणाली व पद्धत’. वकिलाचं बिल मात्र जुन्याच पद्धतीचं.

तोवर स्लाइडवर ‘पेटंट पेंडिंग’ झळकत असतंच. अर्ज नसताना, विकत असलेल्या वस्तूबद्दल असा दावा केला, तर कलम १२० खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाचं शुल्क त्याहून बरंच कमी आहे.